आधी सांग, मग कर: क्लाउडच्या रोजच्या कामांसाठी पहिली स्क्रिप्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सपोर्टमध्ये दोन वर्षं झाली, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) कन्सोलवर हात बसलाय, पण रोज सकाळी टेस्टिंगची १४ मशीन (क्लाउडवरचे भाड्याचे सर्व्हर) चालू करा आणि रात्री आठवणीने बंद करा, या कामाचा आता वीट आलाय. हे आपोआप व्हावं म्हणून बॅश (टर्मिनलमधल्या कमांडची भाषा) शिकायचं, पायथन शिकायचं की थेट टेराफॉर्मला (क्लाउडवरची यंत्रणा लिहून उभी करायच्या साधनाला) हात घालायचा? सुरुवात नेमकी कुठून करायची? आणि साहेबांकडे परवानगी कशी मागायची, कारण ‘स्क्रिप्टने काही उडवलं तर जबाबदार कोण’ हे ते विचारणारच.

बॅश शिका. आणि पहिली स्क्रिप्ट हीच लिहा, मशीन बंद करण्याची. चालू करण्याची नंतर. हे काम तुम्ही शेकडो वेळा हाताने केलंय, त्यात खड्डा कुठे आहे ते तुम्ही झोपेतही सांगाल. नवशिके बहुतेकदा उलटं करतात. हाताने कधी केलेलंच नाही असं काम कुठूनतरी उचललेल्या स्क्रिप्टने करायला जातात, आणि मग चूक स्क्रिप्टची की आपल्या समजुतीची हेच उमगत नाही. बंद करण्याचं काम आधी घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे ते दोनदा झालं तरी बिघडत काही नाही. बंद मशीनला पुन्हा बंद हो म्हटलं तर ते मुकाट्याने ‘बंदच आहे’ म्हणतं. ‘नवं मशीन बनव’ ही कमांड दोनदा चालली तर मात्र दोन मशीन उभी राहतात आणि बिल दोन्हींचं येतं.

पुढे जाण्याआधी एक. कमांड मी फोनवरून सांगाव्यात तशा देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत येतील, आणि ‘डॅश डॅश’ म्हटलं की सलग दोन उणे चिन्हं.

आता लॅपटॉप बाजूला ठेवा आणि कागद घ्या. रात्री तुम्ही काय काय करता ते क्लिकनिशी लिहून काढा. मी एका मुलाकडून हे करून घेतलं होतं. त्याने आधी तीन ओळी लिहिल्या: कन्सोल उघडतो, टेस्टिंगची मशीन निवडतो, स्टॉप दाबतो. त्याच्या शेजारी बसून प्रत्यक्ष काम पाहिलं तेव्हा अकरा ओळी झाल्या. वर उजव्या कोपऱ्यात मुंबई रीजन (मशीन जिथल्या डेटासेंटरात आहेत तो विभाग) आहे ना हे तो बघत होता. यादी नावावरून गाळत होता, पण दोन मशीनच्या नावात ‘टेस्ट’ शब्दच नव्हता, ती त्याला पाठ होती. एकाला तो हात लावत नव्हता, कारण त्यावर रात्री दोनला बॅकअप चालायचा. आणि शुक्रवारी रिलीज असेल तर आधी टेस्टरला विचारायचा. हे त्याच्या डोक्यात होतं, क्लिकमध्ये कुठेच नव्हतं. स्क्रिप्टला डोकं नसतं. ते तुम्हाला बाहेर काढून कुठेतरी लिहून ठेवावं लागतं.

ती जागा म्हणजे टॅग, मशीनला चिकटवायची नाव आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी. नावावरून ओळखायची सवय सोडा. प्रत्येक मशीनला ‘एन्व्ह’ या टॅगमध्ये ‘डेव्ह’ (टेस्टिंगचं) किंवा ‘प्रॉड’ (प्रॉडक्शनचं, खऱ्या वापरातलं) आणि दुसऱ्या टॅगमध्ये, समजा ‘रात्री-बंद’, हो किंवा नाही असं लावा. बॅकअपवालं मशीन ‘नाही’. चौदा मशीनचे टॅग हाताने लावायला अर्धा तास लागेल. तो अर्धा तास वाचवू नका, पुढची सगळी स्क्रिप्ट त्यावर उभी राहणार आहे. टॅगमध्ये मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं हेही ध्यानात ठेवा. एकाने ‘डेव्ह’ पहिलं अक्षर मोठं करून लावलं आणि दुसऱ्याने सगळी लहान, तर स्क्रिप्टला ती दोन वेगळी गावं वाटतात.

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कुठून आणायचा? सगळ्यात सोपं म्हणजे कन्सोलमध्येच वरच्या पट्टीत क्लाउडशेलचं चिन्ह असतं, ते दाबा. सीएलआय (टर्मिनलमधून एडब्ल्यूएसला कमांड देणारा प्रोग्राम) आधीच बसवलेली असते, लॉगिन तुमचंच वापरलं जातं, कुठलीही चावी कॉपी करावी लागत नाही. फायली ठेवायला प्रत्येक रीजनमध्ये १ जीबी जागा मिळते. शिकायला पुष्कळ झालं. फक्त हात थांबला की वीस-तीस मिनिटांत ते सेशन मिटतं, त्यामुळे रात्रीचं काम त्यावर सोडून घरी जाता येत नाही.

स्वतःच्या लॅपटॉपवर करायचं तर, विंडोज असल्यास त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवून उबंटू हे लिनक्स घ्या. सीएलआयची दुसरी आवृत्तीच घ्या, ती २०२० पासून आहे आणि जुन्या लेखांतल्या पहिल्या आवृत्तीपेक्षा काही बाबतींत वेगळी वागते. एक फरक तर तुम्हाला पहिल्याच दिवशी चावेल: दुसरी आवृत्ती लांब उत्तर ‘लेस’ या पानं उलटणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडते. टर्मिनलवर बरं वाटतं, पण स्क्रिप्ट तिथे कुणीतरी ‘क्यू’ दाबेल म्हणून वाट बघत बसू शकते. ‘एडब्ल्यूएस_पेजर’ हे व्हेरिएबल रिकामं ठेवून ते बंद करा. आणि स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहू नका. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर जास्त ठेवतं, मग लिनक्स ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून हात वर करतं आणि डोळ्यांना तर सगळं बरोबर दिसत असतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या कमांडचंही तेच, त्यातली सरळ अवतरणचिन्हं वाटेत कधी गोल होतात पत्ता लागत नाही.

पहिले आठ दिवस फक्त बघायच्या कमांड. एडब्ल्यूएसमध्ये त्या ओळखायला सोप्या आहेत: ‘डिस्क्राइब’, ‘लिस्ट’, ‘गेट’ यांनी सुरू होतात त्या साधारणपणे फक्त माहिती देतात. ‘स्टॉप’, ‘डिलीट’, ‘टर्मिनेट’, ‘पुट’, ‘मॉडिफाय’ यांना अजून शिवायचं नाही. आणि रोज टर्मिनल उघडलं की पहिली कमांड एकच: ‘एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’. आपण कोण म्हणून आणि कोणत्या अकाउंटमध्ये उभे आहोत ते ती सांगते. अंधारात दिवा मालवण्याआधी घर आपलंच आहे ना बघावं, तसं. माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ही कमांड असते, आलेला १२ आकडी अकाउंट नंबर अपेक्षित नंबराशी ताडून पाहते, जुळला नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

मग मुख्य कमांड: ‘एडब्ल्यूएस ईसीटू डिस्क्राइब-इन्स्टन्सेस’. ईसीटू म्हणजे मशीन भाड्याने देणारी सेवा, इन्स्टन्स म्हणजे त्यातलं एक मशीन. एकदा ती नुसतीच चालवा. चौदा मशीनसाठी हजारो ओळींचा जेसन (कंसांच्या आत कंस अशी मांडलेली माहिती) अंगावर येईल. घाबरू नका, पण तो एकदा शांतपणे वाचा, कारण सगळे अडतात ते इथेच. तुम्हाला वाटतं की वरच्या पातळीवर मशीनची यादी असेल. तशी नसते. वर ‘रिझर्व्हेशन्स’ची यादी असते आणि प्रत्येक रिझर्व्हेशनच्या पोटात ‘इन्स्टन्सेस’ची यादी. रिझर्व्हेशन म्हणजे मशीन ज्या एका मागणीतून जन्मली ती मागणी. एकाच वेळी तीन मागितली असतील तर तिन्ही एका पोटात, एकेक मागितली असतील तर एकेकटी. म्हणून आयडी काढायचा तर ‘डॅश डॅश क्वेरी’ला वाट सांगावी लागते: रिझर्व्हेशन्स, चौकटी कंस उघडा-बंद, टिंब, इन्स्टन्सेस, पुन्हा चौकटी कंस, टिंब, इन्स्टन्सआयडी. या वाटा सांगायच्या भाषेचं नाव जेमेसपाथ. ती क्वेरी नेहमी एकेरी अवतरणात ठेवा. दुहेरीत ठेवली आणि आत बॅकटिक हे उलटं टिकलीचं चिन्ह आलं की बॅशला ती वेगळी कमांड वाटते आणि तो ती चालवायला धावतो.

मशीन गाळणं मात्र क्वेरीकडे देऊ नका, ‘डॅश डॅश फिल्टर्स’कडे द्या. फिल्टर म्हणजे एडब्ल्यूएसच्या दारातच गाळणं, क्वेरी म्हणजे सगळा माल घरी आणून निवडणं. तुमच्यासाठी फिल्टर तीन: टॅग एन्व्ह बरोबर डेव्ह, टॅग रात्री-बंद बरोबर हो, आणि इन्स्टन्स-स्टेट-नेम बरोबर रनिंग. शेवटी ‘डॅश डॅश आउटपुट टेक्स्ट’ लावलं की जेसन जाऊन आयडींची साधी ओळ हाती येते. या टेक्स्टच्या दोन खोड्या माहीत असू द्या. विचारलेली किंमतच अस्तित्वात नसेल तर ते ‘नन’ असा चार अक्षरी शब्द छापतं, आणि तुमची स्क्रिप्ट ‘नन’ नावाचं मशीन शोधत फिरते. दुसरं, उत्तर अनेक पानांत येत असेल तर टेक्स्टमध्ये क्वेरी दर पानाला वेगळी चालते. त्यामुळे ‘किती आहेत’ असं मोजायला सांगितलं की एका आकड्याऐवजी चार आकडे येतात. चौदा मशीनला हे होणार नाही. पण स्नॅपशॉट (डिस्कच्या नकला) मोजायला जाल तेव्हा माझी आठवण येईल.

आता स्क्रिप्ट. तिच्यात मोजून पाच-सहा गोष्टी लागतात. कमांडचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवणं, ‘फॉर’चं लूप, ‘इफ’, ‘एको’ (मजकूर छापणारी कमांड) आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा: शून्य म्हणजे जमलं, दुसरं काहीही म्हणजे फसलं. बॅश १९८९ पासून आहे, त्यात शिकण्यासारखं समुद्राएवढं आहे, पण तुम्हाला सध्या घागरभर पुरे.

वरून खाली असं वाचा. पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता. दुसऱ्या ओळीत ‘सेट डॅश ई यू ओ पाइपफेल’. कमांड फसली की ती स्क्रिप्ट थांबवते, बाकी तिच्याबद्दल पुढे बोलते. मग अकाउंट नंबरची खात्री. मग वरची डिस्क्राइब कमांड, तिचं उत्तर ‘आयडीज’ या व्हेरिएबलमध्ये. मग फॉरचं लूप: प्रत्येक आयडीसाठी आधी एको करून ‘हे मशीन बंद करते आहे’ असं तारीख-वेळेसह छापायचं आणि मग ‘एडब्ल्यूएस ईसीटू स्टॉप-इन्स्टन्सेस’. चौदा आयडी एकदम एकाच कमांडला देता येतात हे खरं, पण त्यातला एक जरी चुकीचा असला किंवा एकाची परवानगी नसली तरी सगळी मागणी फेटाळली जाते. चौदाच आहेत, एकेक घ्या. एक मशीन अडलं म्हणून बाकीची रात्रभर चालू राहायला नकोत, तेव्हा स्टॉपची कमांड ‘इफ’मध्ये ठेवा, जमलं नाही तर आयडीसकट ते छापा आणि पुढच्याकडे वळा. ‘इफ’मधल्या कमांडच्या अपयशाने ‘सेट डॅश ई’ स्क्रिप्ट थांबवत नाही, त्यामुळे हे नीट बसतं. शेवटी बंद झाली की नाही हे पाहायला ‘वेट इन्स्टन्स-स्टॉप्ड’. ती दर १५ सेकंदांनी विचारते, ४० वेळा. दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर अपयशाच्या एक्झिट कोडसह बाहेर पडते.

पण ही स्क्रिप्ट पहिले आठ दिवस काहीही बंद करणार नाही. स्टॉपच्या कमांडच्या आधी ‘एको’ हा शब्द लावून ठेवा. म्हणजे ती कमांड चालायच्या ऐवजी नुसती छापली जाईल. रोज रात्री स्क्रिप्ट यादी छापेल, तुम्ही हातानेच बंद कराल, आणि दोन्ही जुळतात का ते बघाल. एखाद्या दिवशी जुळणार नाही. कुणीतरी नवं मशीन टॅगशिवाय उभं केलेलं असेल. हेच तर आधी कळायला हवं होतं.

ईसीटूच्या कमांडना ‘डॅश डॅश ड्राय-रन’ असंही मिळतं, ते तुमच्याकडे परवानगी आहे का हे तपासतं. गंमत अशी की परवानगी असली तरी ते एरर म्हणूनच उत्तर देतं, ‘जमलं असतं, पण ड्राय-रन लावलंय’ अशा अर्थाचं. सेट डॅश ई असेल आणि कमांड ‘इफ’बाहेर असेल तर स्क्रिप्ट पहिल्याच मशीनवर मान टाकते आणि माणूस तासभर आपली चूक शोधतो. शिवाय एसथ्रीच्या (एडब्ल्यूएसच्या फायली साठवायच्या सेवेच्या) ‘सिंक’ आणि ‘आरएम’मध्ये हाच शब्द मधल्या डॅशशिवाय, ‘ड्रायरन’ असा लिहितात. का, ते विचारू नका.

आता त्या ‘सेट’च्या ओळीबद्दल, कारण ती मी पैसे मोजून शिकले. जुन्या नोकरीत एका एसथ्री बकेटमधला (साठवणीच्या कप्प्यातला) सगळ्यात जुना लॉगचा फोल्डर रोज पुसायची स्क्रिप्ट मी लिहिली होती. ‘एसथ्री एलएस’ने यादी काढायची, पाइपमधून (एका कमांडचं उत्तर दुसरीला देऊन) सॉर्ट करायची, पहिलं नाव व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि बकेटचं नाव, तिरकी रेघ, ते व्हेरिएबल असा पत्ता बनवून ‘आरएम डॅश डॅश रिकर्सिव्ह’, म्हणजे आतल्या सगळ्यासकट पुसणं. सहा महिने छान चालली. मग डेव्हलपरनी लॉगच्या फोल्डरांची नावं बदलली. त्या सकाळी एलएसला काहीच सापडलं नाही, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि पत्ता उरला नुसता बकेटचं नाव आणि तिरकी रेघ. म्हणजे अख्खी बकेट. मी चहा घेऊन जागेवर आले तेव्हा स्क्रीनवर ‘डिलीट, डिलीट’ अशी रांग पळत होती. कंट्रोल-सी दाबेपर्यंत हजारो फायली गेल्या होत्या.

वाचलो ते बकेटवर व्हर्जनिंग चालू होतं म्हणून. व्हर्जनिंग असलं की साध्या डिलीटने फाइल जात नाही, तिच्यावर ‘डिलीट मार्कर’ नावाची चिठ्ठी चिकटते. चिठ्ठ्या काढल्या की फायली परत दिसतात. त्या काढण्यात माझी रात्र गेली.

चूक बघा कुठे होती. मी ‘सेट डॅश यू’ लावलं होतं आणि त्यावर विसंबले होते. पण ते अजिबात न नेमलेलं व्हेरिएबल पकडतं, रिकामं व्हेरिएबल त्याला चालतं. माझं व्हेरिएबल नेमलेलं होतं, फक्त पोट रिकामं होतं. ‘सेट डॅश ई’ही होतं. काही न सापडल्यामुळे एलएसने एक्झिट कोड १ दिलाच होता, पण पाइपमध्ये बॅश शेवटच्या कमांडचाच कोड बघतो आणि शेवटची कमांड आनंदात होती. ‘पाइपफेल’ लावलं असतं तर स्क्रिप्ट तिथेच थांबली असती. आणि त्याहून पक्का उपाय म्हणजे, पुसण्याच्या ओळीत व्हेरिएबल महिरपी कंसात लिहून नावानंतर कोलन (विसर्गासारखी दोन टिंबं) आणि प्रश्नचिन्ह टाकणं. मग ते नेमलेलं नसो वा रिकामं असो, बॅश ओरडतो आणि थांबतो. तेव्हापासून ही दोन चिन्हं न टाकता मी डिलीटची एकही ओळ लिहिलेली नाही. दुसऱ्याची स्क्रिप्ट तपासतानाही डोळा आधी तिथेच जातो. शेलचेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो अशा बऱ्याच जागा स्वतःहून दाखवतो. तो बसवाच.

आजकाल एआयला सांगितलं की अख्खी स्क्रिप्ट अर्ध्या मिनिटात मिळते. घ्या की. पण त्यातली क्रियापदं तेवढी एकेक करून अधोरेखित करा. डिस्क्राइब असेल तर पुढे जा. डिलीट असेल तर ती ओळ स्वतःच्या भाषेत सांगता येईपर्यंत चालवू नका.

रोज आपोआप चालवायला क्रॉन, लिनक्समधला ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम. इथे तीन गोष्टींवर बहुतेकांचा एकेक दिवस जातो. पहिली म्हणजे क्रॉनला तुमच्याएवढे रस्ते माहीत नसतात. तो साधारणपणे ‘यूएसआर बिन’ आणि ‘बिन’ एवढ्याच ठिकाणी कमांड शोधतो, आणि सीएलआयची दुसरी आवृत्ती बसते ‘यूएसआर लोकल बिन’मध्ये. मग हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणते. स्क्रिप्टमध्ये पाथ स्वतः लिहा. दुसरी गोष्ट, लॉग. एको केलेलं आणि एररचं, दोन्ही एकाच फायलीत जोडत जा, नाहीतर सकाळी बघायला काहीच उरत नाही. तिसरी घड्याळाची. क्लाउडवरचं मशीन बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री ९ला बंद करायचं तर क्रॉनमध्ये १५:३० लिहा. सकाळी ८:३० म्हणजे पहाटेचे ३:००. आपल्या पहाटे साडेपाचच्या आधीचं काही असेल तर वारही बदलतो. सोमवारी पहाटे ५ म्हणजे तिकडे अजून रविवारची रात्र, २३:३०. ‘सोमवार ते शुक्रवार’ असं लिहून मोकळं झालात की सोमवार गळतो आणि शनिवारी मशीन उगाच जागी होतात.

सुट्ट्यांसाठी मी साधी फाइल ठेवते, एका ओळीत एक तारीख: २६ जानेवारी, १ मे, गणेश चतुर्थी, दिवाळीचे दिवस. सकाळची स्क्रिप्ट आजची तारीख भारतीय वेळेनुसार काढते आणि ‘ग्रेप’ने त्या फायलीत शोधते. सापडली तर गप्प घरी. ग्रेपला काही सापडलं नाही की तो एक्झिट कोड १ देतो, म्हणून तोही ‘इफ’मध्येच. नाहीतर सेट डॅश ई त्यालाच अपयश समजेल आणि नेमक्या कामाच्या दिवशी स्क्रिप्ट थांबेल.

आणि हो, क्रॉन ज्या मशीनवर आहे त्याला ‘रात्री-बंद’चा टॅग लावू नका. हसू नका, मी लावला होता. रात्री स्क्रिप्टने इमानेइतबारे सगळी मशीन बंद केली, शेवटी स्वतःचंही. सकाळी चालू करायला कोणी जागं नव्हतं. पंधरा टेस्टर रिकामे बसले आणि मला घरी फोन. मशीनच नको असेल तर एडब्ल्यूएसचा इव्हेंटब्रिज शेड्यूलर आहे, त्याला आशिया/कोलकाता हा टाइम झोन थेट सांगता येतो, पण तो दुसऱ्या महिन्यात बघा.

बचत किती होते हे साहेब विचारतीलच. आठवड्याचे तास १६८. मशीन सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री ९ चालली तर ६० तास. बाकीचे १०८, म्हणजे जवळजवळ ६४ टक्के तास वाचतात. पण बिल ६४ टक्क्यांनी उतरेल असं वचन देऊ नका. बंद मशीनच्या डिस्कचं, ईबीएसचं भाडं चालूच राहतं. इलास्टिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घेतलेला असेल तर त्याचंही. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्हीफोर पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, महिन्याला सुमारे ३.६५ डॉलर. इलास्टिक नसलेला सार्वजनिक पत्ता बंद-चालू केल्यावर बदलतो, तो कुणी कॉन्फिगमध्ये लिहून ठेवला असेल तर सकाळी आरडाओरडा होतो. इन्स्टन्स स्टोअरवरचा (मशीनच्या तात्पुरत्या डिस्कवरचा) डेटा बंद करताच जातो. आणि आरडीएसचा (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचा) डेटाबेस थांबवलात तर सात दिवसांनी तो आपण होऊन उठतो. दिवाळीच्या सुट्टीत कळतं.

अझुर किंवा गुगल क्लाउड असेल तरी सगळं असंच. फक्त अझुरमध्ये ‘एझेड व्हीएम स्टॉप’ने मशीन थांबतं पण भाडं थांबत नाही. त्यासाठी ‘डीअलोकेट’ लागतं. जीक्लाउडची (गुगलच्या सीएलआयची) गाळण्याची भाषा वेगळी आहे, अझुरची जेमेसपाथच.

पायथनकडे कधी वळायचं? स्क्रिप्ट शंभर ओळींच्या पुढे गेली, तारखांची वजाबाकी आली, किंवा जेसनच्या आतल्या जेसनमध्ये शिरावं लागलं की बॅशशी कुस्ती सोडा आणि बोटोथ्री (एडब्ल्यूएससाठीची पायथन लायब्ररी) घ्या. तारखांचं तर लवकरच घ्या, कारण मॅकवरची ‘डेट’ कमांड आणि लिनक्सवरची यांचं आपापसांत पटत नाही. टेराफॉर्मचा प्रांतच निराळा. काय उभं असावं हे तो सांगतो, उभं असलेल्याकडून रोज काय करून घ्यायचं ते काम स्क्रिप्टचं. मशीन, नेटवर्क उभं करायच्या मोठाल्या बॅश स्क्रिप्ट मी लिहिल्यात आणि त्या सांभाळणाऱ्यांचे शिव्याशापही खाल्लेत.

आता साहेब. ‘स्क्रिप्टसाठी ॲडमिनचा ॲक्सेस द्या’ असं चुकूनही लिहू नका. उलट कमीत कमी मागा. एका छोट्या मशीनला जोडलेला एक आयएएम रोल (कोणाला काय करता येईल हे ठरवणारी परवान्यांची ओळख) आणि त्याला दोनच परवानग्या: डिस्क्राइब-इन्स्टन्सेस सगळ्यांवर, कारण ती मशीननिहाय देता येतच नाही, आणि स्टॉप-इन्स्टन्सेस फक्त ज्यांचा एन्व्ह टॅग डेव्ह आहे त्यांच्यावर, अशी अट घालून. टॅग बदलायची परवानगी या रोलला नको. मग तुमच्या स्क्रिप्टमध्ये कितीही घोळ झाला तरी प्रॉडक्शनच्या मशीनवर एडब्ल्यूएसच नाही म्हणेल. जबाबदार कोण, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. रोल असला की स्क्रिप्टमध्ये ॲक्सेस की (लॉगिनची गुप्त चावी) लिहायची वेळच येत नाही. ती लिहायचीच नाही, एक दिवसापुरतीसुद्धा नाही. गिटवर (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) चढलेली चावी खोडली तरी इतिहासात राहते, ती रद्दच करावी लागते.

मेलमध्ये आठ दिवसांच्या छापील याद्या जोडा, कोणत्या रात्री जुळल्या नाहीत आणि का तेही लिहा. चालू करण्याची परवानगी नंतर वेगळी मागा. त्या वेळी एक विचारून घ्या, डिस्क कंपनीच्या स्वतःच्या केएमएस (एडब्ल्यूएसच्या चाव्या सांभाळणाऱ्या सेवेतल्या) चावीने कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, केलेल्या आहेत का. असतील तर रोलला त्या चावीवर ‘क्रिएटग्रँट’ची परवानगीही लागेल. नसली तर स्टार्टची कमांड हो म्हणते, मशीन क्षणभर ‘पेंडिंग’ दिसतं आणि काही न बोलता पुन्हा ‘स्टॉप्ड’ होतं, आणि तुम्ही सकाळी साडेआठला स्क्रिप्टमध्ये नसलेली चूक शोधत बसता.